लेकीकडे जाताना लागलेलं धुकं

आम्हा बहीण-भावात मिळून एक कंपास होता. भावाची शाळा सकाळची, माझी दुपारची. शाळा सुटली की तो पळत यायचा. मी वेशीतल्या लिंबाखाली उभी असायचे. तो कंपास माझ्या हातात द्यायचा आणि मग मी पळायचे. त्यातलं कर्कटक हरवलं तेव्हा मार दोघांनीही खाल्ला, कारण कोणाच्या पाळीत हरवलं ते ठरवता आलं नाही.

माय आणि बा दुसऱ्याच्या प्लॉटवर कामाला जायचे. आमच्याकडं प्लॉट म्हणजे बियाण्याचा प्लॉट. जालन्याच्या कंपन्यांसाठी शेतकरी कपाशीचं संकरित बी तयार करतात, आणि ते बी तयार करायला एकेका फुलावर हातानं काम करावं लागतं. दुपारी कळी नखानं सोलायची, आतला नर काढून टाकायचा, वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिच्यावर घासायचा. याला आमच्याकडं सगळे क्रॉसिंग म्हणतात. लहान बोटांना ते बराबर जमतं, म्हणून हंगामात मी शाळेत कमी आणि प्लॉटवर जास्त असायचे. रविवारी तरी घरी राहू दे म्हणलं तर माय म्हणायची, "फुलाला रविवार कळत न्हाई."

प्लॉटवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती बांधावर आईजवळ बसून धडा वाचायची आणि मी कपाशीच्या तासात वाकून तोच धडा ऐकायचे. परीक्षेत मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले, तरी तिची नखं स्वच्छ होती हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. लोक म्हणतात गरिबी माणसाला समजूतदार करते. मला तिनं जळकं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचंय त्यात मी फार चांगली दिसत नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात, बाईमाणूस सोडाच, बाप्यांतसुद्धा कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. स्पर्धा परीक्षा देऊन जालन्यात एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले. नवरा बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगच्या विभागात. सासर पिंपळगाव रेणुकाईचं, मिरचीवालं घर. तिथं सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ राहतात. आम्ही दोघं जालन्यात.

धाकटी जाऊ सातवी शिकलेली. माझ्यानंतर दोन वर्षांनी त्या घरात आली. वर्ष सरायच्या आत तिला मुलगा झाला, नंतर मुलगी. मला काही झालं नाही. दवाखाने जालन्याचे झाले, संभाजीनगरचे झाले, त्याचं इथं वर्णन करत बसत नाही.

ती चुलीपुढं भाकरी थापायची तेव्हा लेकरू तिच्या मांडीवर असायचं. ते निखाऱ्याकडं हात करी आणि ती न बघता त्याचा हात धरी. तोंडानं माझ्याशी मिरचीच्या भावाचं बोलणं चालूच. तो तिचा न बघता जाणारा हात मी बघत राहायचे. मलाही ऑफिसात कपाटातली कुठलीही फाईल न बघता काढता येते. त्याचं कौतुक कधी कोणी केलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

दोन्ही बारशांना घुगऱ्या मी शिजवल्या. बायका पाळण्याभोवती जमल्या, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू झालं आणि मी उठायला लागले, तेव्हा चुलत सासू म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे माय, तू घुगऱ्यांचं बघ. करपतेल." घुगऱ्या पाण्यात शिजतात, इतक्यात करपत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. दुसऱ्या बारशाला त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "शिकलेली हाय खरी, पर डिग्रीला पाळणा बांधता येतो का?" बायका हसल्या. जाऊ हसली नाही. ती खाली मान घालून लेकीच्या टोपीची नाडी बांधत बसली. मला तिचाच राग आला. हसली असती तर परवडलं असतं.

दत्तक घ्यायचं ठरवून आम्ही सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं तेव्हा गावाकडं काही सांगितलं नाही. नवऱ्याला मी सांगितलं की नजर लागते, मूल हातात आल्याशिवाय बोलायचं नाही. त्यांना पटलं. पण खरं कारण वेगळं होतं. जाऊ मनापासून "लई चांगलं झालं अक्का" म्हणणार हे मला माहीत होतं, आणि तिच्या तोंडून ते मला ऐकायचं नव्हतं.

घर बघायला जालन्यातल्या कार्यकर्त्या बाई आल्या. सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या तुम्हा दोघांना काही झालं तर मुलाला कोण सांभाळेल? त्या नातेवाइकाचं पत्र लागेल." नवरा लगेच म्हणाला, "माझा भाऊ हाय की. भावजय हाय. भरलं घर हाय." मी मध्येच म्हणलं, "माझा भाऊ आहे." बाईंनी दोघांकडं बघितलं आणि माझ्या भावाचं नाव लिहिलं. माझा भाऊ तेव्हा माहेरी गावातच होता, ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं मी लिहून दिलेल्या मजकुराखाली सही केली. त्या रकान्यात जाऊचं नाव यायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात पोर्टलवर एक फोटो आला. सव्वातीन वर्षांची मुलगी, बारीक कापलेले केस, उन्हानं एक डोळा मिटलेला, हातात अर्धं बिस्कीट. उत्तरेकडच्या एका शहरातल्या संस्थेत होती. त्या शहराचं नाव इथं लिहीत नाही. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही ते मोठी झाल्यावर तिनंच ठरवावं.

आम्ही होकार कळवला. संस्थेनं समितीची बैठक शुक्रवारी ठेवली. आमची मुदतही शुक्रवारीच संपत होती. त्या दिवशी आम्ही समितीपुढं उभे राहिलो नाही तर मुलीचा फोटो यादीतल्या पुढच्या जोडप्याला जाणार आणि आम्ही यादीत खाली. मी मंगळवारची गाडी काढली. बुधवारी संध्याकाळी पोचून एक दिवस हातात राहील, असा माझा हिशोब. ऑफिसात माझा हिशोब चुकत नाही.

गावाकडं काय सांगायचं? मी म्हणलं, काशीला चाललोय म्हणून सांगू. मूल नसलेलं जोडपं काशीला जातं, कोणी काही विचारणार नाही. माझं डोकं तिथवरच चाललं. काशीला जाणारा माणूस आमच्या गावातून असाच जाऊ शकत नाही हे मी विसरले. सासूबाईंचा फोन आला, "देवीची ओटी भरल्याबिगर काशीला निघता व्हय? मंगळवारी गावाकडं या. रेणुकाईची ओटी भरा, बुधवारी निघा." नाही म्हणायला कारण नव्हतं. नोकरीचं कारण सांगितलं तर सुट्टी घेतलेली. शेवटी मी तिकीट बदललं आणि हातातला एक दिवस देवीच्या पायावर वाहिला.

मंगळवारी मंदिरात ओटी भरली. घरी पुरणाचा स्वयंपाक झाला. शेजारच्या बायका येऊन 'आमचाबी नमस्कार सांगा' म्हणून गेल्या. जाऊनं गंगेच्या पाण्यासाठी तांब्याची झाकणाची लोटी घासून दिली. आमची बॅग ओसरीवर होती. लोटी आत ठेवायला तिनं चेन उघडली, ठेवली, चेन लावली, आणि म्हणाली, "अक्का, तिकडं थंडी लई ऱ्हाती. जपून जा." तिच्या लेकीनं माझ्या नवऱ्याच्या गळ्याला मिठी मारली. जाऊ तिला खाली उतरवत होती आणि मी मनात म्हणत होते, थांब, चारच दिवस.

बुधवारी गाडी जालन्याहून वेळेवर निघाली. गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा ती उभी होती. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. कुठलं तरी छोटं स्टेशन होतं, पण समोरचा फलाट दिसेना. चहावाल्याचा आवाज आधी यायचा, मग किटली यायची, मग माणूस. समोरच्या बाकावर नांदेडपासून आलेले एक काका होते. दरवर्षी या गाडीनं जाणारे. मी तिसऱ्यांदा "कब छूटेगी?" विचारल्यावर म्हणाले, "बेटी, इस कोहरे में ड्राइवर को भगवान दिख जाएगा, सिग्नल नहीं दिखेगा. चाय पी लो."

दोन तास गेले, तीन गेले. मी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर गाडीची स्थिती बघत होते. उशीर वाढतच होता. पुढच्या जंक्शनवर आमची दुसरी गाडी दुपारी होती, ती आता मिळणार नव्हती. संस्थेतल्या मॅडमना फोन लावायला घेतला, तोच त्यांचा आला. त्या कागद तपासत होत्या. म्हणाल्या, पत्रातल्या नंबरवर फोन केला तर आपके भाई साहब तो दुबई में हैं.

भाऊ चार महिन्यांपूर्वीच दुबईला ड्रायव्हर म्हणून गेला होता. घरातून पहिल्यांदा कोणी देशाबाहेर गेलं म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले होते. पण पत्रात त्याचं नाव आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मॅडम म्हणाल्या, समिती हरकत घेणारच. देशात राहणाऱ्या, घर-संसार असलेल्या नातेवाइकाचं पत्र उद्या सकाळपर्यंत पाठवा. सही, आधार कार्ड, फोटो. मराठीत असलं तरी चालेल.

मी फोन ठेवला. नवरा मुलीसाठी आणलेल्या स्वेटरची घडी मोडून पुन्हा घालत होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी घडीच घालत राहिले. त्यांची ही सवय वाईट आहे. 'मी तेव्हाच म्हणलं होतं' म्हणले असते तर मला भांडता आलं असतं.

मी नावं शोधायला लागले. माय एकटी आणि थकलेली. मामा वारलेले. कॉलेजातली मैत्रीण नातेवाईक नाही. एकेक नाव खोडत मी त्या पांढऱ्या खिडकीकडं बघत होते आणि एक क्षण असाही आला की वाटलं, राहू दे, परत जाऊ. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एवढी वर्षं ज्या लेकरासाठी जीव टांगला होता, ते एका बाईला फोन करावा लागू नये म्हणून सोडून द्यायला मी क्षणभर तयार झाले होते.

मग फोन लावला.

"अक्का, पोचल्या का काशीला? दर्शन झालं का?" तिच्या मागं मिरचीचे देठ मोडणाऱ्या बायकांचा कलकलाट.

"न्हाई. गाडी धुक्यात उभी आहे."

"मंग काही खाल्लं का? दशम्या संपल्या असतेन."

"ऐक. आम्ही काशीला न्हाई चाललो."

"बरं."

"लेकरू आणायला चाललो. दत्तक. मुलगी आहे, सव्वातीन वर्षांची."

मागचा कलकलाट कमी झाला. ती चालत लांब गेली असावी. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. काशीला जाणारी बाई बॅगमंदी इवलुसा गुलाबी स्वेटर अन् पावडरचा डबा कशाला न्हेती? लोटी ठिवताना पायलं म्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलल्या न्हाई म्हणून. तुमच्या तोंडचं म्या कशाला काढून घ्यू?"

"कोणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. ह्यांनाबी न्हाई. म्या काय नजर लावणार व्हते का अक्का?"

दोन दिवस तिनं माझं गुपित पोटात ठेवलं होतं, आणि मला तेवढ्यातही जळायला जागा सापडली. हेही हिलाच जमतं.

मी पत्राचं सांगितलं. काय लागतं, का लागतं, उद्या सकाळपर्यंतच का. भावाचं नाव आधी दिलं होतं हेही सांगावं लागलं. ती म्हणाली, "हां. तुमच्या भावाचं." एवढंच. मग म्हणाली, "कागद घ्येते. थांबा."

मी ऑफिसच्या भाषेत मजकूर सांगायला लागले. "मी, खाली सही करणार, असे प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की, सदर बालिकेच्या..."

"अक्का, सदर म्हंजे आपल्या पोरीलाच का?"

"हो."

"मंग तसं लिवते की. हे तुमचं ऑफिसातलं मला लिवता येणार न्हाई, अन् लिवलं तर त्यांना वाटंल कुणी तरी सांगून लिवलंय. काय-काय पाह्यजे तेवढं सांगा. बाकी म्या बघते."

मी म्हणलं, सांभाळीन, शिकवीन, घरात जागा आहे, एवढं आलं पाहिजे. तिनं फोन ठेवला. मी नवऱ्याला म्हणलं, "काय लिहील देव जाणे. सातवी शिकलेली बाई." ते म्हणाले, "लिहील ती." मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

गाडी दुपारी हलली. पत्राचा फोटो संध्याकाळी जंक्शनवर उतरताना आला. दिरानं मोटारसायकलवर भोकरदनला जाऊन सगळे कागद स्कॅन करून पाठवले होते. रेघांच्या वहीतला कागद, निळी शाई, अक्षर मोठं आणि सरळ. माझ्याकडं ते पत्र अजून आहे, त्यातलं लिहिते.

'आमच्या घरी दोन लेकरं आहेत. ही तिसरी. माझ्या अक्का आणि मोठे भाऊजी आहेत तोवर ती त्यांची आहे. मी तिच्यावर हक्क सांगणार नाही. त्यांना काही झालं तर ती माझ्या ताटात जेवेल आणि माझ्या लेकीच्या शेजारी झोपेल. तिला कॉलेजपर्यंत शिकवीन, कारण अक्काला तेच आवडलं असतं. मी कमी शिकले पण बोललेलं विसरत नाही.' खाली तिची आणि दिराची सही.

मी ते फलाटावर उभी राहून वाचलं. अख्ख्या गावाचे अर्ज मी लिहून देते. पीकविम्याचे, रेशनचे, विहिरीचे. तरी असं पत्र मला लिहिता आलं नसतं, हे मला तिथंच कळलं. मग ते तसंच मॅडमना पुढं पाठवलं.

आमची दुसरी गाडी केव्हाच गेली होती आणि तिच्यानंतरची रद्द झाली होती. शुक्रवारी सकाळी बस मिळाली. बैठक अकराला होती आणि अकराला आम्ही अर्ध्या रस्त्यातही नव्हतो. ड्रायव्हर पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून चालवत होता. एकदा तो ट्रक वळला, आम्ही वळलो, आमच्या मागच्या सगळ्या गाड्या वळल्या, आणि थांबल्यावर कळलं की ट्रकवाला जेवायला ढाब्यात शिरलाय. बसमधले लोक हसले. मला रडू आलं. नवऱ्यानं मॅडमना फोन लावला, "बस थोडा सा..." म्हणून. तो 'थोडा सा' चार तास चालला.

आम्ही संस्थेत पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. समिती उठलेली नव्हती. समितीतले एक वयस्कर सदस्य स्वतःच धुक्यात अडकून दोन वाजता आले होते, त्यामुळे सगळंच उशिरा सुरू झालेलं. ज्या धुक्याला मी दोन दिवस शिव्या देत होते त्यानंच आमची जागा धरून ठेवली होती.

बाहेर बाकावर एक परदेशी जोडपं बसलं होतं. त्यांच्या देशात बर्फ पडून विमानतळ बंद होतं, दोन दिवस तिथंच अडकले होते, असं दुभाषी बाईंनी सांगितलं. तरी ते आदल्या दिवशी पोचले होते. सातासमुद्रापलीकडून ते वेळेवर, आणि आम्ही जालन्याहून उशिरा. त्यांच्याकडं सोपवायचा मुलगा त्या परदेशी बाईच्या मांडीवर बसून चित्रांचं पुस्तक उलटत होता. मी तिच्याकडं बघितलं ते चांगल्या नजरेनं नाही. ती माझ्याकडं बघून काही तरी म्हणाली. दुभाषी बाई म्हणाल्या, "ये कह रही हैं, आप खुशकिस्मत हैं. आप बच्ची से सीधे बात कर पाएँगी. इन्हें तो मुझसे पूछना पड़ता है कि इनका बच्चा क्या बोल रहा है." माझ्यावरही कोणी जळू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी पिशवीतला तिळाचा लाडू तिला दिला.

आत बोलावलं. वयस्कर सदस्यांनी जाऊचं पत्र पुढं ओढलं. "ये मराठी में है. पढ़कर बताइए." मी एकेक वाक्य वाचत हिंदीत सांगत गेले. आमची हिंदी मराठवाड्याची, बाजारातली. 'वो मेरी थाली में खाएगी' हेही तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ये चिट्ठी किसने लिखवाई?"

'मैंने' हे माझ्या तोंडात आलं होतं. मी पदवीधर, मी लिपिक. कोणालाही खरं वाटलं असतं.

"किसी ने नहीं," मी म्हणलं. "मेरी देवरानी ने खुद लिखी. मैं लिखवा रही थी तो उसने मना किया."

ते पहिल्यांदा हसले. "तो फिर बच्ची को देवरानी के पास भी ले जाते रहिएगा." आणि पेन उचललं.

मुलीला आणलं तेव्हा ती सांभाळणाऱ्या बाईच्या गळ्यात होती. माकडटोपी, लाल झालेलं नाक. माझ्याकडं यायला तयार नाही. त्या बाईला ती माई म्हणत होती. मला त्या माईचाही हेवा वाटला, आणि आम्हाला उशीर झाला म्हणून तिला मुलगी साडेचार तास जास्त मिळाली असाही हिशोब मी करून टाकला. मग मी खाली बसले आणि गुलाबी स्वेटर पुढं धरला. "इधर आव, बेटा. थंडी बजरी ना?" मुलीनं मान वर केली. माझी हिंदी तिला विचित्र वाटली असावी. तिनं माईला विचारलं, "ये कौन है?" माई म्हणाली, "मम्मी है." तिनं जरा विचार केला आणि एक हात बाहीत घातला. दुसरा हात घालायला पाऊण तास लागला.

परत येतानाही धुकं होतं, गाडी सात तास उशिरा होती. आता मला घाई नव्हती.

जालना स्टेशनवर दीर आणि जाऊ आले होते. जाऊच्या हातात मोठा स्टीलचा डबा. उघडला तर घुगऱ्या. म्हणाली, "बारसं सावकाश करू. पर घुगऱ्या ह्या येळंला माझ्याकडं. करपू दिल्या न्हाईत." मी तिच्याकडं बघितलं. ती मुलीकडं बघत होती. फलाटावर गर्दी होती, बॅगा होत्या, मुलगी माझ्या कडेवरून घसरायला लागली आणि जाऊचा हात गेला, न बघता नाही, बघून गेला, आणि मुलगी सरळ तिच्या खांद्यावर डोकं टेकून गप्प झाली. तीन दिवस मी तिला गप्प करत होते.

माझं तेच जुनं जळणं सुरू झालं. ते गेलं नाही. अजूनही सुट्टीत गावाकडं गेलो की मुलगी पहिल्या हाकेला काकूकडं पळते, आणि मी बॅगा उतरवत उभी राहते. जाऊला ते कळतं. ती मुलीला म्हणते, "आधी आईला पाणी दे जा." हेही तिनंच सांगावं, याचा मला राग येतो, आणि मी पाणी पिते. काशीचं मावंदं मात्र सासूबाईंनी घालायला लावलंच. देवीला सांगून निघालात, आता जेवण चुकवता येत नाही, म्हणाल्या. लोटी कोरडी परत आली म्हणून तिच्यात मुलगी दूध पिते.

पुढं उन्हाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश आला. त्यात आईच्या जागी माझं नाव आहे आणि बापाच्या जागी माझ्या नवऱ्याचं. जूनमध्ये तिचं नाव जालन्यात शाळेत घातलं. फॉर्मवर आईचं शिक्षण विचारलं होतं, तिथं मी बी.ए. लिहिलं. तिला तिचा स्वतःचा कंपास घेऊन ठेवला आहे. मुलगी आमची झाली.